खर्डा पुरा होईपर्यंत मागं बघू नका

हिवाळा आला की आमच्या सीमाभागात साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांत मांडव पडतात, ग्रंथदिंडी निघते. दुपारची जेवणं झाली की कोणीतरी तरुण मुलगा नाहीतर मुलगी वही छातीशी धरून माझ्याजवळ येते आणि हळूच सांगते, "बाई, कादंबरी लिहायलोय. तीन प्रकरणं झाल्यात." किती वर्षं मी हे ऐकते आहे, आणि आकडा बहुतेक वेळा तीनच असतो. ती प्रकरणं मी वाचते. घासूनपुसून लख्ख केलेली असतात. चौथं मात्र नसतं. पुढच्या हिवाळ्यात तोच मुलगा भेटतो तेव्हा ती तीन प्रकरणं आणखी लख्ख झालेली असतात.

मी स्वतः पहिल्या कादंबरीच्या पहिल्या साठ पानांवर दीड वर्ष घालवलं आणि ती कादंबरी तिथंच मेली. म्हणून हे लिहिते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांत बसून मराठीत पहिल्यांदाच कादंबरी लिहायला घेणाऱ्यांसाठी, मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं सगळं.

आधी माणूस, मग प्रश्न

"कादंबरी कशावर आहे?" असं विचारलं की आपल्याकडं उत्तर येतं, "सीमाप्रश्नावर." सीमाप्रश्न हा आपल्या घराघरातला विषय आहे, तो कादंबरीत येणारच. पण विषय म्हणजे कादंबरी नव्हे. कादंबरीला एक माणूस लागतो, त्याला काहीतरी हवं असावं लागतं आणि ते मिळवताना काहीतरी आड यावं लागतं.

एक उदाहरण घेऊ, ते शेवटपर्यंत चालवू. खानापूरच्या बाजूच्या एका गावातली यल्लूबाई. वय साठ. नवरा वारला. शेताच्या उताऱ्यावर अजून थोरल्या दिराचं नाव आहे. तिला मरण्याआधी आपल्या नवऱ्याचं, म्हणजे पर्यायानं आपल्या मुलाचं नाव लागलेलं बघायचं आहे. आड येतात दिराची मुलं, आड येतात कन्नडमधले कागद, आणि आड येतो तिचाच मुलगा, ज्याला शेत नकोच आहे. त्याला पुण्याला जायचं आहे. आता सीमाप्रश्न बघा, तो न बोलावता आला. कचेरीतून आलेला कागद तिला वाचता येत नाही, तो घेऊन ती शेजारच्या कन्नड शाळेत जाणाऱ्या पोराकडं जाते, एवढ्यात सगळं आलं. त्यासाठी कोणा पात्राच्या तोंडी दीड पानाचं भाषण घालायची गरज पडली नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा: कोणाला काय हवं आहे आणि काय आड येतं. हे वाक्य जमत नसेल तर लिहायला बसू नका, आणखी आठ दिवस त्या माणसाच्या मागं फिरा.

एक गोळा-वही आणि एक सालवारी

लिहायला लागण्याआधी एक महिना फक्त गोळा करा. महिनाच, जास्त नाही. गोळा करण्याचं व्यसन लागतं आणि मग लिहिणं राहून जातं. आजीला विचारा, लग्नात काय रांधलं होतं. बाजाराला कोणत्या वारी जायचे, चालत की बैलगाडीनं. भात लावणीला कोणाकडची माणसं यायची. बेळगावच्या शहापूर-वडगावात राहत असाल तर मागावर बसलेल्या माणसाजवळ एक दुपार काढा आणि त्याच्या तोंडचे शब्द जसे पडतील तसे उतरवून घ्या. सुधारून लिहू नका.

दुसरी गोष्ट सालवारी. एका मोठ्या कागदावर साल, पात्राचं वय आणि त्या साली बाहेर काय चाललं होतं, असे तीन रकाने आखा. यल्लूबाई साठ वर्षांची २००५ साली असेल तर तिचा जन्म १९४५ चा. म्हणजे १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात एक्केचाळीस वर्षांची. हा कागद भिंतीला लावून ठेवा. पुढं तो किती उपयोगी पडतो ते सांगते.

रोजचा घास

साधारण मध्यम आकाराची मराठी कादंबरी पन्नास-साठ हजार शब्दांची धरा. रोज तीनशे शब्द लिहिले तर दोनशे दिवसांत साठ हजार होतात. तीनशे शब्द म्हणजे फुलस्केप कागदावर हातानं लिहिलेलं सव्वा-दीड पान. हे कोणालाही जमतं. न जमणारी गोष्ट म्हणजे एका रविवारी तीन हजार शब्द लिहून मग महिनाभर वहीला हात न लावणं. तसं करणारे सगळे माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यांच्यापैकी एकाचीही कादंबरी पुरी झालेली मी पाहिली नाही.

शेती असेल तर रोप लावणीच्या दिवसांत लिहिणं होणार नाही हे आधीच कबूल करा. खानापूरच्या पावसात दिवसभर वाकून घरी आलेल्या माणसाला कोणी "रोज लिही" म्हणून सांगू नये. सुगी आटोपली, धान्य घरात आलं, की सुरू करा; पावसाळ्यापर्यंत दोनशे दिवस सहज मिळतात. मी शाळेत शिकवत होते तेव्हा पहाटे साडेचारला उठायचे. आमच्या गल्लीतले यंत्रमाग सुरू झाले की त्या खटखटीत मला ऐकू यायचं बंद व्हायचं. ऐकू यायचं म्हणजे पात्रांचं बोलणं. तुमची वेळ तुम्ही शोधा, पण ती एकच ठेवा.

हातानं लिहिणार असाल तर पानाच्या एकाच बाजूला, एक ओळ सोडून लिहा. ती सोडलेली ओळ पुढं दुरुस्तीला लागते. दर शनिवारी मोबाईलवर पानांचे फोटो काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठवा. गळकं छप्पर आणि उंदीर यांनी खाल्लेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. संगणकावर किंवा मोबाईलवर लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहा. बोलून टाइप करायची सोय आता सगळ्यांकडं आहे, निवेदनाला ती चालते. पण "करायलोय", "गेलतास" असं काही बोललात की ते यंत्र त्याच्या ओळखीचा प्रमाण शब्द घालून मोकळं होतं. संवाद बोटांनीच लिहा.

मागं न बघता पुढं जायचं कसं

खर्डा, म्हणजे पहिलं कच्चं लिखाण, लिहिताना एकच नियम: काल लिहिलेल्याचा शेवटचा परिच्छेद वाचायचा आणि पुढं जायचं. त्याआधीचं काही वाचायचं नाही, सुधारायचं तर नाहीच.

"पण मला मध्येच कळलं की दिराचं नाव बदलायला हवं!" बदला. आजच्या पानापासून नवं नाव लिहा, समासात एक खूण करा, मागं जाऊ नका. माहिती अडली, समजा कचेरीत अर्ज कोणाकडं द्यायचा हे ठाऊक नाही, तर तिथं दोन फुल्या मारा आणि वाक्य पुरं करा. माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या खर्ड्यात अशा एकशे चाळीस फुल्या होत्या. खर्डा पुरा झाल्यावर त्यांतल्या निम्म्या आपोआप गेल्या, कारण तो मजकूरच उडाला. त्या शोधण्यात वेळ घालवला असता तर तो वायाच गेला असता.

दिवसाचं लिहिणं प्रसंग संपल्यावर थांबवू नका, मध्येच थांबवा. यल्लूबाईनं कडी वाजवली, आतून पावलं ऐकू आली, इथं वही मिटा. उद्या दार कोण उघडतंय हे तुम्हाला ठाऊक असेल आणि हात लगेच चालू लागेल.

मध्यावर, सहाव्या-सातव्या प्रकरणाच्या आसपास, सगळं फोल वाटायला लागतं. ही वेळ प्रत्येकाला येते. बहुतेक कादंबऱ्या इथं सोडल्या जातात आणि लेखकाला वाटतं की आपल्यात काही नव्हतंच. तसं नसतं. सुरुवातीचा माल संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो, एवढंच. अशा वेळी मी सरळ शेवटचा प्रसंग लिहून टाकते. कच्चा, कसाही. उतारा हातात आल्यावर यल्लूबाई काय करते? तो वाचता येत नाही म्हणून नुसता हात फिरवते? मुलगा त्या वेळी कुठं असतो? शेवट एकदा दिसला की मधली वाट किती लांब आहे ते कळतं.

मग सहा आठवडे कुलूप

खर्डा संपला की तो कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवा. गणपतीत संपला असेल तर दिवाळीचे फटाके वाजेपर्यंत काढू नका. कोणाला वाचायला देऊ नका. या दिवसांत दुसऱ्यांची पुस्तकं वाचा, ऊस लावा, घराला रंग द्या.

पहिलं वाचन, हातात पेन न घेता

आता खरं काम सुरू होतं. मी हे काम चार वेगवेगळ्या वाचनांत करते, आणि प्रत्येक वाचनात एकच गोष्ट बघते. सगळं एकदम बघायला गेलं की माणूस काना-मात्रा सुधारत बसतो आणि मोडकी भिंत तशीच राहते.

पहिल्या वाचनाला दोन-तीन दिवस सलग मोकळे काढा. पेन दूर ठेवा. परक्याचं पुस्तक वाचावं तसं वाचा. संपल्यावर वही मिटून आठवणीतून एका कागदावर लिहा: कुठं कंटाळा आला, कुठं डोळ्यांत पाणी आलं, कुठं खोटं वाटलं. आठवणीत जे उरलं नाही त्याच्याकडं पुढं संशयानं बघा.

मग प्रत्येक प्रकरणासाठी एक चिठ्ठी करा. तिच्यावर चार गोष्टी: प्रसंग कोणाचा, कुठला, कोणत्या महिन्यातला, आणि प्रकरणाच्या शेवटी काय बदललं. चिठ्ठ्या चटईवर ओळीनं मांडा. ज्या चिठ्ठीवर चौथी गोष्ट लिहिता येत नाही ते प्रकरण एकतर काढायचं, नाहीतर शेजारच्या प्रकरणात मिसळायचं. माझ्या कादंबरीत राजहंसगडावर जाण्याचं अकरा पानांचं प्रकरण होतं. वारा, तटबंदी, खाली दिसणारी भातशेती. माझं फार लाडकं. पण गडावर चढताना माझी माणसं जशी होती तशीच उतरली. मी ते काढलं. त्यातली एक ओळ, वाऱ्यात पदर सावरणाऱ्या बाईची, पुढच्या प्रकरणात ठेवली आणि ती तिथं अकरा पानांपेक्षा जास्त काम करते.

१ नोव्हेंबरचे प्रसंगही या चाळणीतून काढा. त्या दिवशी एकाच शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडं मराठी माणसांची काळ्या दिनाची निषेध फेरी. प्रसंग म्हणून तो इतका भारलेला आहे की प्रत्येकाला तो कादंबरीत घालावासा वाटतो. घाला, पण तुमच्या माणसाला त्या दिवशी काय हवं होतं? दवाखान्यात आईला न्यायचं होतं आणि रस्ते बंद होते? फेरीत जायचं होतं पण दुकानाचा मालक कन्नड होता आणि तो भला माणूस होता? असं काही असेल तर प्रसंग उभा राहतो. नसेल तर ती बातमी होते.

दुसरं वाचन: सालं, नाणी, कागद

आता भिंतीवरची सालवारी काढा. आपल्या भागात राज्य, नावं आणि कायदे बदलत गेले, त्यामुळं इथं होणाऱ्या चुका दुसरीकडच्या लेखकाला होत नाहीत.

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यानंतर तो म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १ नोव्हेंबर १९७३ ला. म्हणजे १९६५ साली तुमचं पात्र "कर्नाटक सरकार" म्हणत असेल तर ते चूक आहे. ते "म्हैसूर सरकार" म्हणेल. शहराचं सरकारी नाव "बेळगावी" झालं १ नोव्हेंबर २०१४ ला, आणि मराठी माणूस घरात आजही "बेळगाव"च म्हणतो. त्यामुळं १९९० सालच्या पाटीवर आणि कोणाच्याही तोंडी काय लिहायचं याचा दोनदा विचार करा. बेळगावातलं सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, २०१२ ला उघडलं, त्याआधीच्या प्रसंगात हमरस्त्यावरून ते पुरं झालेलं दिसता कामा नये.

दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे. पण पंचवीस पैशांना "चार आणे" म्हणणं पुढं कितीतरी वर्षं चाललं, तेव्हा म्हातारीच्या तोंडी आणे ठेवायला काहीच हरकत नाही. दुकानदाराच्या खातेवहीत मात्र नकोत.

शिक्षणात फार चुका होतात, कारण आपण वाचतो ती पुस्तकं महाराष्ट्रातली असतात. आपल्याकडं पोरगं दहावीला एसएसएलसी देतं आणि पुढं पीयुसीला जातं. "बारावी बोर्ड" आणि "ज्युनियर कॉलेज" ही तिकडची भाषा. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं; त्याआधी बी. ए. झालेल्या मुलीची पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची असणार.

जमिनीबद्दल तर डोळ्यात तेल घालून बघा. महाराष्ट्रातल्या कादंबऱ्यांत कुळकायदा म्हटला की १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन येतो, कुळं जमिनीची मालक झाली तो दिवस. त्याच्या पाचच महिने आधी आपला भाग म्हैसूर राज्यात गेला होता. इथल्या बऱ्याच कुळांच्या आयुष्यात मोठा बदल झाला तो कर्नाटकच्या सुधारित कायद्यानं, जो १ मार्च १९७४ पासून लागू झाला. कुळांनी सात नंबरच्या फॉर्मवर अर्ज केले आणि भू न्यायमंडळापुढं सुनावण्या झाल्या. माझ्या उदाहरणात हेच सोनं निघालं. यल्लूबाईच्या घराण्याची जमीन कुळ म्हणून मिळालेली. अर्ज थोरल्या दिरानं एकट्याच्या नावानं भरला. धाकटा त्या वेळी कामाला गोव्यात होता. तथ्य तपासायला गेले आणि कादंबरीची गाठ हाती लागली. म्हणून मी हे वाचन कधीच घाईत उरकत नाही.

पात्रांची नावंही याच वेळी बघा. आपल्या मराठी घरांत कल्लाप्पा, नागाप्पा, यल्लाप्पा, भरमा, परशराम अशी नावं आहेत. नवे लेखक त्यांना बदलून गुळगुळीत शहरी नावं देतात. १९५० साली खानापूर तालुक्यात जन्मलेल्या शेतकऱ्याला तसं नाव दिलं की पहिल्याच पानावर वाचकाचा विश्वास उडतो.

तिसरं वाचन मोठ्यानं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. दार लावा आणि पूर्ण कादंबरी मोठ्यानं वाचा. जमलं तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला समोर बसवा.

मी माझ्या आईला बसवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळं कादंबरी तिच्यापर्यंत फक्त आवाजानंच पोचणार होती. माझी नायिका दोनशे पानं "मी येते", "मी जाते", "मी करते" म्हणत होती. आईनं दोन दिवस ऐकलं आणि विचारलं, "ही बाई कुठली गं? आपल्यातली न्हवं ही." मला आधी कळेचना. मग ती पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "थांब, आलो मी." आमच्याकडं बायका "मी येतो", "मी आलो" असंच म्हणतात. जन्मभर ऐकलेलं ते बोलणं मी लिहिताना पुसून टाकलं होतं, कारण छापील पुस्तकात तसं नसतं असं मला वाटत होतं. मी सगळी दोनशे पानं पुन्हा लिहिली. क्रियापदं बदलली तशी वाक्यांची चाल बदलली, आणि नायिकेचा राग, तिचं हसणंसुद्धा बदललं.

आपल्या बोलीची लाज हा इथल्या नव्या लेखकाचा सगळ्यात मोठा अडथळा आहे. पुण्या-मुंबईचा वाचक काय म्हणेल, ही भीती. तिच्यावर इलाज म्हणून एकच प्रसंग तीन प्रकारे लिहून बघा.

पहिला: "तू तहसीलदार कार्यालयात गेला होतास का? तेथील लिपिकाने काय सांगितले?" असे आईने त्याला विचारले.

दुसरा: "गेलतास काय कचेरीत?" यल्लूबाईनं विचारलं. ती चुलीवरचा तवा उतरवत होती, मागं वळलीसुद्धा नाही. "काय म्हटला त्यो?"

तिसऱ्यात प्रत्येक शब्द इतका वाकवायचा की घरातल्या माणसालाही दोनदा वाचावं लागावं.

पहिल्यात बाई नाही. तिसऱ्यात बोलीचं प्रदर्शन आहे, बाई तिथंही नाही. दुसऱ्यात ती दिसते, आणि नागपूरच्या वाचकालाही काही अडत नाही. बोली म्हणजे चमत्कारिक शब्दांची गर्दी नव्हे. "ये की", "बस की" मधला तो "की", क्रियापदाची शेपटी, वाक्यात शब्द कुठं येतो, यातच बहुतेक सगळं येतं. अवघड शब्दाला शेवटी शब्दसूची जोडू नका. प्रसंगच असा लिहा की अर्थ कळावा.

निवेदनाची भाषा वेगळी ठेवायची की बोलीतच लिहायचं, हे तुम्ही ठरवा. दोन्ही चालतं. मात्र एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच. "केले" आणि "केलं" एका पानावर मिसळलेले दिसले की संपादक वैतागतो. यासाठी एक पानाची नोंदवही ठेवा: कोण कसं बोलतं, कोणता शब्द कसा लिहायचा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणं लिहायला मुभा देतात. कोणी अडवलं तर हे सांगा.

आता कन्नड. आपल्या कादंबरीत कन्नड बोलणारी माणसं येणारच. शेजारी, मास्तर, बस कंडक्टर, सून. माझ्या खर्ड्यात एक कन्नड शेजारीण होती, तिला मी मोडकंतोडकं मराठी दिलं होतं, वाचकाला हसू यावं म्हणून. खरी शेजारीण मला चाळीस वर्षं ओळखते. तिला मी ते वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मी कन्नडात अशी बोलत नाही." तिच्या भाषेत ती हुशार, तिखट, नेमकी बोलते, मोडकं बोलते ती फक्त माझ्या भाषेत. त्यानंतर मी तिचे सगळे संवाद आधी मनात कन्नडमध्ये ऐकले आणि मग स्वच्छ मराठीत लिहिले. कन्नड आहे हे कळायला "बर्री, कूड्री" किंवा "ऊटा आतेन्री?" एवढं पुरतं. आणि तुमचं मराठी पात्रही कन्नड बोलताना अडखळतं, ते दाखवायला विसरू नका.

चौथं वाचन आणि तीन वाचक

चौथ्या वाचनात वाक्यं कापा. एकाच गोष्टीची दोन विशेषणं, "जणू काही", "क्षणभर", "नकळत", पात्रानं दाखवलेली भावना निवेदकानं पुन्हा सांगणं. साठ हजार शब्दांतले पाच-सहा हजार सहज जातात.

मग तीन वाचकांना द्या. एक गावातला. एक सीमाभागाबाहेरचा मराठी वाचक. एक दोन्ही भाषा जाणणारा. "कशी वाटली?" असं विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. विचारा: कुठं वाचन थांबवलंत? कोणाचा राग आला? कोणतं पान दोनदा वाचावं लागलं? उत्तरं लिहून घ्या आणि वाद घालू नका. तिघांपैकी दोघे एकाच ठिकाणी अडले तर तिथं दोष आहे, भले त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा असेल.

प्रकाशकाकडं जाताना

पाठवण्यापूर्वी फाईल कोणत्या फाँटमध्ये हवी ते विचारा. युनिकोडमधून जुन्या डीटीपी फाँटमध्ये जाताना "दुसऱ्या", "वाऱ्यावर" मधला "ऱ्य" हमखास मोडतो. तेवढे शब्द शोधून बघा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिच्या पात्रतेच्या अटी ओळीनं वाचून मगच हस्तलिखित पाठवा.

करार लेखी करा. तोंडी बोलण्यावर मी एकदा विसंबले आणि त्या प्रकाशकानं दुसरी आवृत्ती मला न विचारता काढली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लिहून देताना मुदत नोंदवली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मुदत, प्रतींची संख्या, मानधनाची टक्केवारी आणि अनुवादाचे हक्क या चार गोष्टी कागदावर हव्यातच. अनुवादाचे हक्क स्वतःकडं ठेवा. आपल्या भागातली कादंबरी कन्नडमध्ये जाण्याची शक्यता बाकी कोणत्याही मराठी कादंबरीपेक्षा जास्त आहे.

प्रुफं येतील तेव्हा त्यांच्यासोबत तुमची ती एक पानाची नोंदवही मुद्रितशोधकाला पाठवा आणि वर ठळक लिहा: "संवादातली क्रियापदं बदलू नयेत." माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या पहिल्या प्रुफात नायिकेचं "आलो मी" पुन्हा "आले मी" होऊन आलं होतं, एकूण त्र्याऐंशी जागी. लाल पेन घेऊन मी ती एकेक करून परत जाग्यावर लावली. आई शेजारी बसून मोजत होती.